आजोबांनी म्युनिकहून आणलेला चांदीचा पेला: मूळ मालकांचा शोध कसा घ्यावा?

मेधा_नारायणपेठ

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणालाच सल्ला देता येणार नाही.

नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायला जातोय. बिल्डरला दिवाळीनंतर ताबा द्यायचा आहे, त्यामुळे आम्ही तीन भावंडं आणि दोन चुलत भाऊ मिळून आईच्या मागे राहिलेलं सगळं वाटून घेतोय. घंगाळं, समया, शिसवी कपाटं यांवरून कुणाची कुरकुर नाही. अडलंय ते देवघरातल्या एका चांदीच्या पेल्यापाशी.

पेला वीतभरही उंच नाही. खाली गोल बैठक, बारीक दांडा, वर उमलत गेलेला गळा. पोटावर द्राक्षांचे घोस कोरलेत. तीन पिढ्यांनी रांगोळीने घासघासून एका बाजूचे घोस जवळजवळ सपाट झालेत, दुसऱ्या बाजूचे अजून बोटाला लागतात. काठाखाली अक्षरांची एक ओळ फिरते. बैठकीच्या आत चंद्रकोर, मुकुट आणि ८०० असा शिक्का, बाजूला ‘एस. आर.’ ही रोमन आद्याक्षरं आणि आणखी एक बारीक ओळ. घरातल्या प्रत्येक बाळाचं उष्टावण याच पेल्यातल्या खिरीनं झालं. माझं झालं, माझ्या मुलाचं झालं, भाचीच्या लेकीचंही झालं.

लहानपणापासून आम्ही ती अक्षरं जर्मन समजत होतो. वाटणीसाठी वजन करायला लक्ष्मी रोडवर नेला तेव्हा सराफ म्हणाले, ही जर्मन लिपी नव्हे. भाच्यानं मोबाईलवर फोटो काढून शोधलं. लिपी हिब्रू निघाली. काठाखालचं वाक्य ‘शब्बाथचा (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा) दिवस पवित्र पाळण्याची आठवण ठेव’ असं आहे. म्हणजे हा ज्यू कुटुंबात शुक्रवारी संध्याकाळी द्राक्षारसावर प्रार्थना म्हणायचा पेला. बैठकीतली ओळ मोबाईलला वाचता आली नाही.

आजोबा इंजिनिअर होते. डॉइचे आकादेमी या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकला शिकायला गेले आणि जुलै १९३९ मध्ये जिनोव्हाहून बोटीनं परतले. त्यांची पत्रं आणि फोटो १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले. हिशेबाची एक वही माळ्यावर होती म्हणून वाचली. तीत पेन्सिलीनं लिहिलंय: ‘मे ३९. चांदीचा पेला, जुना. सेंडलिंगर श्ट्रासेवरील दुकान. मार्क १४.’ वर-खाली दाढीची पाती आणि ट्रामचं भाडं.

तारीख वाचल्यापासून मला चैन नाही. २१ फेब्रुवारी १९३९ रोजी जर्मनीत हुकूम निघाला की ज्यूंनी आपल्याकडचं सोनं, चांदी, प्लॅटिनम, हिरे-मोती सरकारी गहाणवट कार्यालयात आणून द्यायचे. मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली. ठेवायला काय परवानगी? लग्नाची अंगठी, चांदीचं एक घड्याळ आणि माणशी काटे-चमच्यांचे दोन संच. मोबदला नावापुरता. पुष्कळशी चांदी वितळवली गेली, काही व्यापाऱ्यांना विकली गेली. म्युनिकच्या बायरिशेस नॅशनल म्युझियमनंही त्या वेळी तिथल्या गहाणवट कार्यालयाकडून ३२२ वस्तू घेतल्या होत्या. आणि मे महिन्यात त्याच शहरातल्या एका दुकानात आमच्या आजोबांना एक ‘जुना’ पेला मिळतो.

आजोबांनी चोरी केली असं मी म्हणत नाही. चोविसाव्या वर्षी, परक्या देशात, शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून त्यांनी आजीसाठी एक सुंदर वस्तू घेतली. पण ते चौदा मार्क दुकानदाराला मिळाले. ज्याच्या टेबलावर हा पेला होता त्याला त्यातला पैसाही मिळाला नसणार. हे कळल्यावरही पेला निमूटपणे पाचात वाटून घ्यायचा, हे मला जमणार नाही.

चुलत भाऊ म्हणतो, चांदीचा भाव बघ, वितळवून टाकू आणि पैसे सारखे वाटू. ते मी होऊ देणार नाही. पण फक्त ‘नाही’ म्हणून भागायचं नाही, पुढे काय करायचं तेही मला सांगता आलं पाहिजे. नुसत्या आद्याक्षरांवरून ते कुटुंब शोधता येतं का? सापडलं तर पेला देशाबाहेर पाठवता येतो का? आणि कुणीच उरलं नसेल तर?

शिवाजीनगर_वकील

मेधाताई, आधी कायद्याचं सांगतो. तुमच्याकडून पेला कोर्टामार्फत कुणी काढून घेईल ही भीती जवळपास नाही. मुदतीच्या कायद्यानुसार, म्हणजे १९६३ च्या, जंगम वस्तू परत मागण्याच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, पण इतक्या वर्षांनी असा दावा टिकणं फार अवघड. दुसऱ्या बाजूला १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ आहे: विकणाऱ्याकडे जितका हक्क, तितकाच घेणाऱ्याला मिळतो. म्हणून ‘पैसे मोजले, विषय संपला’ असं कायदासुद्धा सरसकट म्हणत नाही.

१९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वं तुमच्या वाचनात येतील. त्या वर्षी ३ डिसेंबरला ४४ देशांनी मान्य केलं की नाझींनी हिरावलेल्या कलावस्तू शोधायच्या आणि वारसांशी ‘न्याय्य आणि उचित’ तोडगा काढायचा. पण ती सरकारांसाठी आहेत आणि तीही बंधनकारक नाहीत. घरगुती वस्तूला ती थेट लागत नाहीत. म्हणजे जे कराल ते तुमच्या मर्जीनं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेला आहे. वस्तू मूळची परदेशी आहे एवढ्यानं सुटका होते असं धरून चालू नका. पेला केव्हाचा आहे ते आधी ठरवा आणि पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. भावनेच्या भरात कुणाच्या बॅगेतून पाठवू नका.

श्रीरंग_कोथरूड

ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. तुमच्या आजोबांनी दुकानात रोख पैसे देऊन वस्तू घेतली. दुकानदारानं ती कुठून आणली हे विशीतल्या परदेशी मुलानं विचारायचं होतं का? तुमच्या घरातल्या पोरांची उष्टावणं झालीत त्यात. तोही वारसाच आहे.

शिवाय आपल्या वस्तूंचं काय? शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं २०२४ साली साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. रघुजीराजे भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारला ४७ लाखांवर रुपये मोजून ती आणावी लागली. आपलं आपल्याला कुणी फुकट देत नाही. मग एका सामान्य मराठी घरानंच एवढं मन मोठं का करायचं?

मेधा_नारायणपेठ

श्रीरंग, राग कशाला? आमच्या घरात रोज हेच चाललंय.

पण तुम्ही दिलेल्या उदाहरणांनी माझंच म्हणणं पक्कं होतं. रघुजीराजांची तलवार लिलावात मांडणाऱ्यानंही कुठेतरी पैसे देऊनच घेतली असेल. त्याची पावती आपण कधी बघायला मागितली? आपण म्हणालो, ती नागपूरकरांची आहे, घरी आली पाहिजे. जे मी तलवारीबद्दल म्हणते, तेच पेल्याबद्दल म्हणायला नको का? उलट इथे तर राजा नाही, खजिना नाही. कुणाच्या तरी आईनं दर शुक्रवारी टेबलावर मांडायची वस्तू आहे ही.

उष्टावणाचं म्हणालात ते मला सगळ्यात जास्त लागतं. पेल्यावर माझा जीव आहे. आई गेल्यावर मी दागिन्यांना हात लावला नाही, आधी हा उचलला. म्हणूनच ज्यांच्याकडून तो गेला त्यांनाही असंच वाटलं असणार, याचा मला अंदाज येतो.

वकीलसाहेब, निर्यातीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आभारी आहे. बैठकीतल्या ओळीचा जवळून काढलेला फोटो टाकलाय, कुणी वाचू शकेल का?

रास्तापेठकर

मेधाताई, मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, जन्म पुण्यातच. माझं हिब्रू प्रार्थनेपुरतं, म्हणून आमच्या सिनेगॉगमधल्या (प्रार्थनास्थळातल्या) एका वडीलधाऱ्या काकांना फोटो दाखवला. ते बराच वेळ भिंग लावून बसले होते. ओळ अशी आहे: ‘शलोमो बेन यित्झाक, बार मित्झ्वा’, आणि पुढे वर्ष ६६८, म्हणजे हिब्रू कालगणनेतलं ५६६८. आपल्या हिशेबानं सप्टेंबर १९०७ ते सप्टेंबर १९०८.

बार मित्झ्वा म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याच्यावर धर्माची जबाबदारी येते तो विधी. साधारण आपल्या मुंजीसारखा मान. त्या दिवशी किद्दूशचा, म्हणजे शुक्रवारच्या त्या प्रार्थनेचा, पेला भेट द्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे तुमचा ‘एस.’ हा यित्झाकचा मुलगा शलोमो, जन्म १८९४-९५ च्या आसपास. मे १९३९ मध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा.

आमच्या घरी किद्दूश मनुकांच्या सरबतावर म्हणतात, पेला साधा आहे, पण जागा ठरलेली. आजीच्या काळापासून फडताळात वरच्या कप्प्यात, उजव्या हाताला. तो कुणी येऊन उचलून नेला असता तर काय झालं असतं याचा विचार मला कधी करावा लागला नव्हता. या देशात आमच्या लोकांना कुणी छळलं नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले म्हणून शनवार तेली हे नाव पडलं, बाकी आमच्या वाटेला कुणी गेलं नाही. जर्मनीतून जीव वाचवून मुंबईला आलेल्या ज्यू डॉक्टरांच्या गोष्टी वडील सांगायचे. त्यांतल्या काहींना युद्ध सुरू झाल्यावर ‘जर्मन’ म्हणून नगरच्या कॅम्पात डांबलं, काहींना पुढे पुरंदरावर ठेवलं. आधी ज्यू म्हणून घर सोडलं, मग जर्मन म्हणून कैदेत. तुमच्या शलोमोसारखं एखादं माणूस सासवडच्या रस्त्यानं गेलंही असेल.

कुणीच उरलं नसेल तर काय, असं तुम्ही विचारलंत. माझ्या बायकोला वाटलं, तुम्ही तो आमच्या सिनेगॉगला द्याल. तसा विचार असेल तर हात जोडून सांगतो, एवढ्यात नको. आम्ही ज्यू आहोत म्हणून तो आमचा होत नाही. तो एका घराचा आहे. आधी ते घर शोधा, सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर पुढचं बोलू. मात्र तोवर त्यात काय ठेवू नये, कसा जपावा हे विचारायला केव्हाही या. काकांनी तुम्हाला शुक्रवारी बोलावलंय.

अनघा_म्युनिक

मेधाताई, मी मूळची सहकारनगरची, इथे भाषांतराचं काम करते, अभिलेखागारांची पत्रं हाताखालून जातात म्हणून लिहितेय.

सर्वांत आधी: पेला घासणं आजपासून बंद. बैठकीच्या आतल्या बाजूला गोंदाचा डाग किंवा कागदाचा कपटा आहे का ते बघा. म्युझियमनं घेतलेल्या चांदीपैकी शंभरावर वस्तू कितीतरी दशकं तिथेच पडून होत्या. त्यांच्या बुडाला गहाणवट कार्यालयाच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या होत्या, चिठ्ठीवर क्रमांक. ते क्रमांक जुन्या याद्यांशी जुळवले आणि नावं मिळाली. माथिआस वेनिगर नावाचे क्युरेटर गेली काही वर्षं अशा कुटुंबांना शोधून वस्तू परत करताहेत, कित्येकदा अमेरिकेला, इस्रायलला स्वतः जाऊन. तुमचा पेला कधी म्युझियममध्ये नव्हता हे खरं, पण गहाणवट कार्यालयातून गेला असेल तर खूण राहिली असण्याची शक्यता आहे.

आता नाव. हिब्रू नाव शलोमो म्हणजे रोजच्या कागदपत्रांत शलोमोच असेल असं नाही. त्या पिढीत सालोमोन, साली, सिगफ्रीड, सिगमुंड असं काहीही असू शकतं. तुमच्याकडे ‘एस. आर.’ आहे, वडिलांचं नाव बहुधा इझाक किंवा त्याच अक्षराचं काही आहे आणि जन्मसाल आहे. ही थोडी माहिती नाही. म्युनिकच्या शहर अभिलेखागारानं इथल्या ज्यूंचा चरित्रकोश तयार केलाय, १९३३ ते १९४५ चा, तो इंटरनेटवर आहे. त्यात जन्मतारीख, आई-वडील, पत्ते आणि पुढे काय झालं हे सगळं येतं. आडनावाचं आद्याक्षर आणि जन्मसाल धरून बघत जा. जर्मन संघीय अभिलेखागाराचा स्मृतिकोशही आहे, पण या दोन्हींत बळी गेलेल्यांचीच नावं आहेत. शलोमो कदाचित वाचला असेल, तेव्हा नाव तिथे नाही म्हणून थांबू नका. जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांच्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि बायकांच्या नावापुढे ‘सारा’ लावणं सक्तीचं होतं. कागदांत ते दिसलं तर ते त्याचं खरं नाव समजू नका.

मागडेबुर्गच्या प्रतिष्ठानाचा ‘लॉस्ट आर्ट’ हा संग्रह आहे. तिथे हरवलेल्या वस्तूंप्रमाणे सापडलेल्या वस्तूंचीही नोंद होते, खासगी माणसालाही करता येते. फोटो, मापं, शिक्का, वहीतल्या पानाचा फोटो, सगळं द्या. चंद्रकोर-मुकुट हा शिक्का १८८८ पासून जर्मन चांदीवर आहे, म्हणजे १९०८ शी जुळतं.

दुकानातून रोखीनं घेतला, मग प्रश्न कुठे, असं श्रीरंग विचारतात. हाच प्रश्न १९४७ सालीच आला होता. त्या वर्षी १० नोव्हेंबरला अमेरिकन लष्करी सरकारनं नाझी काळात हिरावलेली मालमत्ता परत करण्याचा कायदा क्रमांक ५९ काढला, बव्हेरियाला तोच लागू होता. त्यात १९ वं कलम आहे: त्या प्रकारच्या मालाच्या नेहमीच्या दुकानातून, नेहमीच्या व्यवहारात घेतलेली जंगम वस्तू परत करावी लागणार नाही. पण लगेच अपवाद घातलाय की ही सूट धार्मिक वस्तूंना नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माहीत होतं की असा पेला दुकानात कशामुळे येतो. त्या कायद्याखाली दाव्यांची मुदत १९४८ अखेर संपली, आणि पुण्याच्या देवघरातली वस्तू त्यांच्या कक्षेत कधीच नव्हती. पण तुमच्या भावंडांना समजावताना हे कलम वाचून दाखवा.

एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. इथलं मुख्य सिनेगॉग जून १९३८ मध्येच पाडलं होतं. २० नोव्हेंबर १९४१ ला म्युनिकहून ज्यूंना घेऊन पहिली गाडी गेली, सुमारे हजार माणसं, लिथुआनियातल्या कौनासला. पाचच दिवसांत त्या सगळ्यांना तिथल्या नवव्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. चरित्रकोश उघडलात की पानामागून पान हेच येतं. एकट्यानं वाचू नका, कुणाला तरी शेजारी घेऊन बसा. नोंदी जर्मनमध्ये आहेत, मी भाषांतर करून देईन, पैशांचा विषय काढू नका.

आणि वारस सापडले तर पहिल्याच पत्रात ‘पेला परत पाठवतोय’ असं लिहू नका. आधी फोटो आणि माहिती द्या, काय हवंय ते त्यांना ठरवू द्या. काहींना वस्तू हवी असते, काहींना फक्त ती कुठे आहे हे कळायचं असतं, काही जण उत्तरच देत नाहीत. तिन्हीला त्यांचा हक्क आहे.

श्रीरंग_कोथरूड

अनघाताई, धार्मिक वस्तूंच्या अपवादाची मला कल्पना नव्हती. पेला वितळवू नये याला माझा आता पूर्ण पाठिंबा. मेधाताई, भावाला माझ्याकडून सांगा, हवं तर फोनवर मी बोलतो. एवढं मात्र अजून वाटतं की वारस आले तर आजोबांबद्दल त्यांना नीट सांगा. पेला तुमच्या घरी वितळला नाही, देवासमोर राहिला, हेही त्यांना कळलं पाहिजे.

मेधा_नारायणपेठ

सगळ्यांची ऋणी आहे. काल रात्री आम्ही पाचही जण बसलो होतो. अनघानं लिहिलेलं १९ वं कलम आणि रास्तापेठकरांचं उत्तर मी मोठ्यानं वाचलं. चुलत भाऊ आधी ऐकायला तयार नव्हता. बार मित्झ्वाचं वर्ष आणि मुलाचं वय ऐकल्यावर तो इतकंच म्हणाला की त्याच्या मुलाची मुंजही आत्ताच झालीय, आणि वजनाचा कागद खिशातून काढून फाडला.

बैठकीच्या आत, शिक्क्याजवळ, नखाएवढा तपकिरी डाग आहे. आम्ही तो गंज समजत होतो, पण चांदीला असा गंज चढत नाही. क्रमांक वगैरे काही वाचता येत नाही. तिरक्या उजेडात फोटो काढून अनघाला पाठवलाय. चरित्रकोशात भाच्याबरोबर ‘आर’पासून सुरुवात केलीय. जन्म १८९४ किंवा ९५, नाव ‘एस’वरून, अशा नोंदींची वेगळी यादी करतोय, वडिलांच्या नावापाशी अजून कुठेच जुळलेलं नाही. रास्ता पेठेत शुक्रवारी जातेय.

पेला वाटणीतून बाहेर ठेवायचा आणि शोध लागेपर्यंत माझ्याकडे राहू द्यायचा, असं सगळ्यांनी मान्य केलं. मंगळवारी वाटणीपत्रावर सह्या आहेत. वकीलसाहेब, हे कसं लिहायचं तेवढं सांगाल का? उद्या मी नसले तर पुढच्यांनी तो विकून टाकू नये.

शिवाजीनगर_वकील

मेधाताई, वेगळं कलम घाला: ‘परिशिष्टात वर्णन केलेला चांदीचा पेला सदर वाटणीतून वगळला आहे. तो मूळ मालकांच्या अथवा त्यांच्या वारसांच्या शोधार्थ श्रीमती अमुक यांच्या ताब्यात विश्वस्त म्हणून राहील. आम्ही अथवा आमचे वारस तो विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, वितळवणार नाही.’ त्यांच्या पश्चात ताबा कुणाकडे, ते नाव आत्ताच घाला, नाहीतर पुढच्या पिढीत इथेच भांडण होईल. परिशिष्टात वजन, उंची, शिक्का, दोन्ही ओळींचा अर्थ आणि चारही बाजूंचे फोटो लावा. वहीच्या त्या पानाची प्रत जोडा, पण मूळ वही बाहेर देऊ नका. मसुदा सोमवारी दुपारपर्यंत पाठवलात तर नजर टाकून देतो.